सुतकातल्या कुरोड्या

माझ्या सुनेनं स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवला आहे. सोमवारी पंखे पुसायचे, मंगळवारी बाथरूम, बुधवारी डबे घासायचे, असं. चार माणसांचं घर, धुण्याला मशीन आहे, भांड्यांना बाई येते, तरी तक्ता लागतो. मी काही बोलत नाही. सासूनं काय काय बोलू नये याचा एक तक्ता माझ्याही डोक्यात आहे. पण सकाळी चहा टाकताना नजर त्याच्यावर जातेच, आणि मग अकोल्याचं आमचं घर आठवतं. तिथं अकरा माणसं होती आणि तक्ता नव्हता. माय होती.

घर गावाच्या टोकाला आणि मळा तिथून कोसभर पुढे, नदीच्या अंगानं. बाबा आणि काका मिळून भाजी लावायचे. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. पहाटे पाचला भाजीची बंडी बाजाराकडे निघायची, म्हणून घर साडेचारला उठायचं. माय आधी मागचं अंगण झाडायची. खराट्याचा आवाज ऐकू आला की मी उठायचे, मला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. मग सडा, मग मागच्या अंगणातली चूल, मग दोघा पुरुषांचा चहा. बंडी गेली की भाकरी. एका बाजूला माय थापायची, दुसऱ्या बाजूला मी शेकायचे, आणि आठ वाजेपर्यंत तीसेक भाकरी टोपल्यात पडायच्या. त्यावर वरण, एखादी भाजी, ठेचा. मग माझे दोन भाऊ आणि काकांची चार लेकरं यांच्या आंघोळी, वेण्या, शाळा. मग धुणं. दुपारी ओसरीवर बसून सांभाराच्या जुड्या बांधायच्या, कारण उद्याची भाजी आजच तयार लागे. संध्याकाळी पुन्हा चूल. हे सगळं कोणी ठरवून दिलेलं नव्हतं आणि कोणी त्याबद्दल बोलतही नव्हतं. मला वाटतं बोलायला लागलो असतो तर झालं नसतं.

पाण्याची तऱ्हा निराळीच. अंगणात विहीर होती, पण पाणी खारं. त्यात तुरीची डाळ शिजायची नाही आणि चहा नासायचा. गोडं पाणी नळाचं, आणि नळ चार दिवसांनी एकदा. त्या दिवशी घरातलं झाडून सगळं भांडं भरायचं, अगदी लोटीसुद्धा. मायनं गुंडांच्या, म्हणजे पितळी घागरींच्या, ओळी लावलेल्या असत. पहिली ओळ प्यायची, दुसरी डाळीची आणि चहाची. धुण्याला, भांड्याला, सारवायला विहीर. चौथ्या दिवशी दुसरी ओळ संपत आली की माय नुसत्या नजरेनं सांगायची, आज डाळ नाही, पिठलं.

माझी काकू, म्हणजे विमलकाकू, घरात कामचुकार म्हणून नावाजलेली होती. उशिरा उठायची, भाकर जाड थापायची, धुणं पिळायला बसली की बसूनच राहायची. कंबर दुखते म्हणायची. चार बाळंतपणं झालेल्या बाईची कंबर दुखत असणारच, हे मला आज समजतं, तेव्हा समजत नव्हतं. माय तिला काही बोलायची नाही. माय फक्त काकूच्या वाटचं काम स्वतः करून टाकायची, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागत असणार. मी मायच्या बाजूची होते, त्यामुळे काकूशी माझं बोलणं कामापुरतं.

त्या वर्षी मला बारावी होऊन वर्ष झालं होतं आणि मी अमरावतीला डी.एड.साठी अर्ज केला होता. नंबर लागल्याचं पत्र आलं, वसतिगृहासकट. आमच्या घरातून मुलगी शिकायला बाहेरगावी जाणं हे पहिल्यांदाच घडणार होतं. बाबांच्या मागे लागून होकार मायनंच मिळवला होता. कसा मिळवला ते मला कधी कळलं नाही. मला ती एवढंच म्हणाली, की तू जायच्या आत या उन्हाळ्याचं सगळं दुप्पट करून ठेवू, पुढच्या वर्षी तुझे हात नसतील. म्हणून त्या चैत्रात पापड दुप्पट, शेवया दुप्पट, आणि कुरोड्यांचा गहूही दुप्पट भिजला.

ज्यांनी कुरोड्या, म्हणजे कुरडया, पाकिटातूनच आणल्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. मग तो वाटून, पिळून, गाळून पांढरा चीक काढायचा आणि रात्रभर बसू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं, मोठ्या गंजात आधण ठेवून त्यात मीठ घालायचं, चीक सोडायचा आणि गुठळी होऊ न देता लाकडी दांड्यानं हटवत, म्हणजे ढवळत, राहायचं. हात थांबला की गेलं. शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, ऊन चढायच्या आत. थांबायला जागाच नसलेलं काम आहे ते. लेकरं वाट्या घेऊन बसलेली असत, गरम चिकावर तेल आणि तिखट घेऊन खायला. सगळं मला येत होतं, फक्त मीठ माय घालू द्यायची नाही. गोड्या पाण्याला एक अंदाज, खाऱ्या पाण्याला दुसरा, आणि कुरोडी वाळली की खारट लागते म्हणून त्याहून कमी. माझा हात चुकतो म्हणायची. मी दोनदा बिघडवलंही होतं.

त्या दिवशी सकाळी मायनं गहू वाटला, चीक गाळून पितळी गंजात ठेवला, वर फडकं बांधलं. मग विहिरीवर धुणं धुतलं. तिचं पांढरं, निळ्या काठाचं लुगडं दोरीवर घातलं आणि चुलीजवळ येऊन मला म्हणाली, “सुमन, मले जरा टेकू दे.” भिंतीला टेकून बसली. तव्यावर भाकर होती. मी ती उलटली, निखाऱ्यावर फुगवली, टोपल्यात टाकली, आणि मग विचारलं चहा देऊ का. तिनं उत्तर दिलं नाही. आधी भाकर पुरी केली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, की बसली तेव्हाच गेली असणार, काही करता आलं नसतं. असेलही.

मी रडले नाही. पुढचं मला सगळं आठवतं, पण जसं दुसऱ्या कोणाचं आठवावं तसं. बाया ओरडत होत्या आणि परातीत दोन भाकरींचं पीठ उरलंय हे मला दिसत होतं. माणसं जमायला लागली, मी पाणी दिलं. सतरंज्या कुठं आहेत ते मलाच माहीत होतं, मी काढून दिल्या. काकांच्या धाकट्याला ताप होता, त्याला औषध पाजलं. भाजी तोडून ठेवलेली होती, ती ओल्या पोत्याखाली झाकली. मायला नेलं तेव्हा मी दारात उभी होते आणि अंगणात किती चपला आहेत ते बघत होते. संध्याकाळी शेजारून पिठलं-भाकर आली, सुतकात घरची चूल पेटवायची नसते म्हणून. मी लेकरांना वाढलं. माझ्या आत काहीच नव्हतं. दुःख नव्हतं, भीती नव्हती. फक्त पुढचं काम काय ते दिसायचं.

अंजनगाव सुर्जीहून मोठी आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण, आमच्या घरात तिचा शब्द खाली पडत नसे. ती मला जवळ घेऊन रडली, मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या खांद्यावरून बघितलं की गोड्या पाण्याच्या दोन्ही ओळी रिकाम्या झाल्या आहेत. एवढी माणसं पाणी प्यायली होती. नळ दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा होता. आत्या बायांना सांगत होती, की पोरगी हिमतीची आहे, बघा, घर कसं उचलून धरलं. बाया माना हलवत होत्या. काकू कोपऱ्यात धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी उठले. अंगण झाडलं. सडा घातला. मग फडकं सोडून बघितलं, चीक छान खाली बसला होता. वरचं पाणी ओतून टाकलं आणि चूल पेटवली. सुतक मला माहीत नव्हतं असं नाही. माणूस गेल्यावर घरात वर्षभर पापड-कुरोडी करत नाहीत हे आमच्याकडे लहान लेकराला माहीत असतं. पण चीक बसला होता, तो आज केला नाही तर आंबणार होता, आणि मायनं वाटला होता. याच्यापलीकडे माझं डोकं गेलं नाही. विहिरीचं पाणी शेंदून आधण ठेवलं. मीठ घातलं. किती घातलं म्हणाल तर सांगता यायचं नाही.

हटवायला लागले तेव्हा काकू दारात दिसली. एवढ्या पहाटे उठलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. ती बराच वेळ उभी राहिली. मग पदर खोचून जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मीठ टाकलं?”

“टाकलं.”

“कोन्या पान्यात करून राहिली?”

“विहिरीच्या.”

ती माझ्या हातातला दांडा घेऊन हटवायला लागली. दोघींनी मिळून चीक शिजवला. कुरोड्या पाडायला जुनं धुतलेलं लुगडं लागतं. दोरीवर लुगडं वाळत होतं, मी ते ओढून अंगणात पसरलं. मायचं. काकूनं सोऱ्या धरला, मी चीक भरत गेले, आणि उजाडेपर्यंत निळ्या काठापासून निळ्या काठापर्यंत ओळीनं कुरोड्या पडल्या. त्या दिवशी वाट्या घेऊन कोणी लेकरू आलं नाही.

आत्या उठून मागे आली आणि जागीच खाली बसली. मग म्हणाली, की मानूस जाऊन एक दिवस नाई झाला, आन हे काय मांडलं? मी काकूकडे बघितलं. काकूच्या कोपरापर्यंत चीक लागलेला होता. ती पदरानं हात पुसत म्हणाली, “मी उठली तवा हिनं करून टाकलं होतं, मोठ्या बाई.”

एवढी उघड खोटी गोष्ट मी मोठ्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. आत्यानं सांगितलं, सगळं गाईला टाक आणि लुगडं पुन्हा धुऊन काढ. काकूनं कुरोड्या टोपल्यात गोळा केल्या आणि गेली. मी लुगडं धुतलं. त्यावर गोल गोल डाग राहिले, ते दोनदा धुतल्यावर गेले. आत्यानं दुपारपर्यंत मला माफ केलं. दुःखानं पोर भ्रमिष्टासारखी झाली, होतं असं, म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. पुढचे बारा दिवस मी काहीही चुकवलं नाही. येणारे-जाणारे, दहावा, तेरवीची तयारी, सगळं वेळच्या वेळी. जो तो म्हणायचा, मायची लेक शोभते.

तेरवीचं जेवण उरकल्यावर आत्यानं सगळ्यांना ओसरीवर बसवलं. पाहुणे होते, बाबा खांबाला टेकून बसले होते. आत्या म्हणाली, आता घराचं बघायला पाहिजे. पोरगी तयार आहे, तेरा दिवस सगळ्यांनी पाहिलं. अमरावतीचं राहू द्या. दोन वर्षं घर सांभाळेल, मग चांगलं स्थळ बघून उजवून टाकू. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. बाबा मान हलवणार हे मला दिसत होतं. माझ्या पेटीत ते पत्र होतं आणि हजर व्हायला महिना राहिला होता. मला ओरडावंसं वाटलं असतं, पण वाटत काहीच नव्हतं. उद्या नळ आहे, एवढंच डोक्यात आलं.

तेव्हा काकू बोलली. आत्यासमोर, पाहुण्यांसमोर, डोक्यावरचा पदर दातात धरून, “जिले सुतकात कुरोड्या करू नाई हे समजत नाई, तिच्या हातात घर देता? आज हे केलं, उद्या सणावाराले काय करीन कोनाले माहीत. माहे लेकरं मी हिच्या भरोशावर सोडणार नाई.”

काकांनी तिला दटावलं, ती ऐकेना. आत्या रागानं म्हणाली, मग एवढ्या माणसांचं करणार कोण, तू? सगळ्यांच्या मनात तेच होतं. कोणीतरी हसलंसुद्धा.

“मी हाव ना,” काकू म्हणाली.

बाबांनी तेरा दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे बघितलं, काकूकडे बघितलं. मग एवढंच म्हणाले, “जाऊ द्या तिले अमरावतीले.” माझी सुटका झाली हे मला तेव्हा कळलंच नाही. मला कळलं ते एवढंच, की पाहुण्यांदेखत काकूनं मला नालायक ठरवलं, आणि माझ्याबरोबर सोऱ्या धरून वर खोटं बोलली. घरच्या कोठीची किल्ली हवी होती तिला, असं मी ठरवून टाकलं.

अमरावतीच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला मला जाग आली. खोलीत आणखी तिघी होत्या, तिघी झोपलेल्या. झाडायला अंगण नव्हतं. चहा कोणाला द्यायचा नव्हता. जेवण खानावळीत, नळाला चोवीस तास पाणी. मी पलंगावर बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, आणि करायला काहीच नाही म्हटल्यावर मला कळलं की माय मेली. दीड महिना झाला होता. तोंडात उशीचं टोक कोंबून मी रडले, घंटा होईपर्यंत. शेजारच्या मुलीला वाटलं घरची आठवण येते. तिनं मला चिवडा दिला.

मी शिक्षिका झाले, नोकरी केली, संसार केला. सुटीत अकोल्याला जायचे तेव्हा बघायचे, बंडी उशिरा निघते आहे, भाकरी जाडच आहेत, गुंडांच्या ओळी मोडल्या आहेत. मनातल्या मनात हसायचे. पण घर चाललं होतं. माझे दोन्ही भाऊ काकूच्याच हातचं खाऊन मोठे झाले. तिची कंबर वाकत गेली, तेही मी बघितलं, आणि दर दिवाळीला तिला कर्तव्य म्हणून एक साडी नेऊन दिली. जवळ कधी बसले नाही. याची मला आज लाज वाटते.

मागच्या उन्हाळ्यात बसले. काकू आता अकोल्यात धाकट्या मुलाकडे असते, दात गेलेत, कान शाबूत आहेत. मी अमरावतीहून कुरोड्यांचं पाकीट नेलं होतं. तिच्या सुनेनं तळून आणल्या. काकूनं एक तुकडा तोंडात घोळवला आणि म्हणाली, मीठच नाई व. मग मी विचारलं, इतक्या वर्षांनी, शिक्षिका असून एखाद्या पोरीसारखं अडखळत. “काकू, त्या दिवशी तू मले थांबवलं काहून नाई?”

“थांबवून काय झालं असतं?” ती म्हणाली. “आदल्या दिवशी तू पानी भरून राहिली, सतरंज्या टाकून राहिली. बाया म्हनत, लय गुणाची पोरगी, घर सांभाळलं. मले तवाच दिसलं, आता हे इथंच गाडली जाते. पहाटी तुले चुलीपाशी पाह्यलं तं म्हटलं, करू दे. एक काम तं हिच्या हातून वाकडं होऊ दे.”

“आन तेरवीले बोलली ते?”

“मंग काय बोलू? हुशार हाय म्हटलं असतं तं सोडलं असतं का तुले त्यायनं?”

मी तिचा हात धरला. बोटं वाकडी झाली आहेत तिची, पेरं सुजलेली, थापून आणि पिळून. ती जरा वेळानं हात सोडवून घेऊन पदर सारखा करायला लागली. तिला असलं काही जमत नाही, मलाही नाही. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, त्या कुरोड्या खरंच गाईला टाकल्या का.

“टाकल्या,” काकू म्हणाली. “एक मी खाल्ली. वाळली नव्हती अजून, ओलीच होती.”

“सुतकात?”

“तुह्या मायनं वाटलेला गहू होता तो.” ताटलीतली दुसरी कुरोडी तिनं उचलली, बघितली आणि परत ठेवून दिली. “मीठ बराबर होतं,” ती म्हणाली. “खाऱ्या पान्यातलं होतं, तरी बराबर होतं.”